सुताराच्या विटा

गेली काही वर्षे आमच्या घराची बेल वाजली की मी एक गोष्ट नेमाने करतो. मागच्या खोलीचे दार लोटून घेतो. त्या खोलीत लपवण्यासारखे तसे काही नाही. एक जुने ड्रॉइंगचे टेबल, त्यावर पांढरी चादर आणि चादरीवर रंगीत प्लॅस्टिकच्या विटांचे ढीग. उभी हयात दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झालो, त्या उन्हाळ्यात नातू परदेशातून आला तो ‘लेगो’चा एक डबा घेऊन. जाताना सामानाच्या वजनात बसेना म्हणून डबा इथेच राहिला. वर्षभर तो माळ्यावर पडून होता. मग एका पावसाळी दुपारी, काही काम नव्हते म्हणून, मी तो खाली काढला. तेव्हापासून आमचा वाईचा वाडा, जो पाडून आता तीस वर्षे झाली, मी या विटांनी बांधतो आहे.

मध्यंतरी ऑफिसातले एक जुने सहकारी मी दार लोटायच्या आतच आत शिरले. चष्मा सावरून त्यांनी टेबलाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हसत हसत विचारले की, या वयात दुसरा काही उपयोगाचा उद्योग सुचला नाही का. मी चहाचे निमित्त काढून स्वयंपाकघरात गेलो. खरे सांगायचे तर राग आला नाही, लाज वाटली. नंतर या विटा ज्याच्या कारखान्यातून निघाल्या त्या माणसाचे चरित्र वाचायला घेतले, तर नेमका हाच प्रश्न त्यालाही विचारला गेला होता. आणि विचारणारी त्याची सख्खी भावंडे होती.

ओले कर्क ख्रिश्चन्सन हे त्याचे नाव. जन्म ७ एप्रिल १८९१ चा, डेन्मार्कमधल्या बिलुंड गावाजवळच्या फिल्स्कोव्ह परिसरातला. हा भाग युटलंड द्वीपकल्पाचा, माळरानाचा. जमीन हलकी, वारा बोचरा, माणसे काटकसरी आणि देवभीरू. गरीब घरातले हे दहावे अपत्य. लहानपणी मेंढरे राखायची आणि राखता राखता चाकूने लाकूड कोरत बसायचे, हे त्यांचे पहिले शिक्षण. पुढे थोरल्या भावाच्या हाताखाली सुतारकाम शिकले, जर्मनीत आणि नॉर्वेत कामे केली, आणि १९१६ मध्ये बिलुंडमधले एक सुतारकामाचे वर्कशॉप विकत घेतले. नॉर्वेत ओळख झालेल्या क्रिस्तिनाशी त्याच वर्षी लग्न केले. बिलुंड तेव्हा नकाशावर शोधावे लागेल एवढेसे खेडे होते. शेतकऱ्यांची घरे, गोठे, दारे-खिडक्या, चर्चचे काम, असे जे मिळेल ते ओले कर्क करीत. म्हणजे माणूस मुळात घरे बांधणारा. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे त्यांनी खेळणी केली तीही घर बांधणाऱ्याच्या हाताने.

आग या घराण्याच्या पाचवीलाच पुजलेली असावी. १९२४ मध्ये एका रविवारी कार्ल गेओर्ग आणि गॉटफ्रेड ही दोन लहान पोरे वर्कशॉपमध्ये शिरली. थंडी वाजत होती म्हणून त्यांनी सरस तापवायची शेगडी पेटवायचा खटाटोप केला. भुसा आणि रंध्याच्या सालप्यांनी पेट घेतला. वर्कशॉप गेले, शेजारचे राहते घरही गेले. यावर ओले कर्क यांनी काय करावे? आधीच्यापेक्षा मोठे घर बांधले, वास्तुशास्त्रज्ञाकडून रीतसर आराखडा काढून घेतला, दाराशी दोन सिंह बसवले. गावाच्या मानाने ते घर फारच भारी होते. कर्ज वाढले, काही भाग भाड्याने द्यावा लागला. या स्वभावाला धंद्याच्या भाषेत शहाणपण म्हणत नाहीत. पण अंथरूण पाहून पाय पसरणारा माणूस पुढच्या भानगडीत पडलाच नसता, असेही मला वाटते.

१९२९ नंतरची मंदी डेन्मार्कच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली तेव्हा घरे बांधून घ्यायला कोणापाशी पैसा उरला नाही. ओले कर्क यांना एकेक कामगार कमी करावा लागला. उरलेल्या लाकडातून ते शिड्या, स्टुले, इस्त्रीचे टेबल असल्या लहानसहान वस्तू करू लागले, आणि १९३२ मध्ये खेळणी. लाकडी मोटारी, प्राणी, चाकावरची बदके. त्याच १९३२ मध्ये क्रिस्तिना वारली. घरात चार मुलगे. योहानेस, कार्ल गेओर्ग, गॉटफ्रेड आणि गेरहार्ट. चाळिशी नुकती ओलांडलेला विधुर, डोक्यावर कर्ज, पदरात आई नसलेली पोरे, आणि हातात रंगवायला घेतलेले लाकडी बदक. हे चित्र मनासमोर आणले की मला क्षणभर वाचन थांबवावे लागते.

भावंडे कर्जाला जामीन राहिली, पण राहताना त्यांनी तो प्रश्न विचारलाच. धडधाकट सुताराने पोरांच्या खेळण्यांत का अडकावे, दुसरे काही उपयोगाचे का करू नये. ते चुकीचे विचारत होते असे मी म्हणणार नाही. कर्जाच्या कागदावर सही त्यांची होती. एका घाऊक व्यापाऱ्याने नाताळसाठी मोठी मागणी नोंदवली आणि माल तयार होईतो त्याचेच दिवाळे वाजले. तेव्हा ओले कर्क स्वतः खेळणी घेऊन विकायला हिंडले, आणि कधी पैशांऐवजी खाण्याचे जिन्नस घेऊन परतले. मध्येच यो-योची लाट आली. यो-यो करून ठेवले तोवर लाट ओसरली. मग उरलेले यो-यो मधोमध कापून त्यांची चाके केली आणि खेळण्यातल्या ट्रकना लावली. टाकून द्यायचे नाही, हा कोकणातल्या कुठल्याही आजीला कळेल असा हिशेब.

१९३४ मध्ये त्यांनी सोफीशी दुसरे लग्न केले, आणि त्याच वर्षी धंद्याला नाव दिले. नाव सुचवणाऱ्याला घरी केलेल्या वाइनची बाटली बक्षीस, असे कामगारांना जाहीर केले, आणि अखेर बक्षीस स्वतःच पटकावले. डॅनिश भाषेत ‘छान खेळ’ अशा अर्थाचे जे दोन शब्द आहेत त्यांची सुरुवातीची अक्षरे जोडून ‘लेगो’ झाले. एरवी इतक्या धार्मिक वृत्तीच्या माणसाचा हा मिश्कीलपणा मला आवडतो.

बदकाची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. गॉटफ्रेड बारा वर्षांचा असल्यापासून वडिलांच्या हाताखाली राबत होता. एकदा त्याने तयार बदकांच्या पेट्या रेल्वे स्टेशनवर पोहोचवल्या आणि घरी येऊन फुशारकीने सांगितले की, नेहमीसारखे व्हार्निशचे तीन हात न देता दोनच दिले, तेवढे पैसे वाचले. वडिलांनी पाठ थोपटली नाही. त्याला परत स्टेशनवर पिटाळले. सगळ्या पेट्या आणायच्या, उघडायच्या, प्रत्येक बदकाला तिसरा हात द्यायचा, पुन्हा बांधायच्या आणि पोहोचवायच्या. रात्र गेली तरी चालेल, आणि कोणाची मदत घ्यायची नाही. दोन हात की तीन, हे विकत घेणाऱ्या आईबापांना कळले नसते. ते ओढत नेणाऱ्या पोराला तर मुळीच नसते. पुढे याच गॉटफ्रेडने, उत्तमाहून कमी काही चालणार नाही अशा अर्थाचे वडिलांचे ब्रीद लाकडात कोरून वर्कशॉपच्या भिंतीवर लावले.

(माझ्या वाड्यात माजघराच्या मागे एक भिंत आहे. वर छप्पर आले की ती कोणालाच दिसणार नाही. तिथे तपकिरी विटा संपल्या म्हणून मी हिरव्या आणि पिवळ्या घातल्या आहेत. बदकाची गोष्ट वाचल्यावर दोन दिवस बेचैन होतो. भिंत अजून तशीच आहे.)

१९४२ मध्ये जर्मन अमलाखालच्या डेन्मार्कमध्ये कारखाना पुन्हा जळला. नमुने आणि आराखडेही गेले. ओले कर्क पन्नाशीत होते. हा धंदा सोडून द्यावा असे त्यांच्या मनात आले असेल तर नवल नाही. पण कामगार आणि त्यांची कुटुंबे समोर होती. कारखाना उभा राहिला.

युद्ध संपल्यावर लवकरच त्यांनी प्लॅस्टिकचे साचेकाम करणारे ब्रिटिश यंत्र घ्यायचे ठरवले. लाकडावर हयात गेलेल्या या सुताराने प्लॅस्टिकच्या नादी लागावे, हे घरातल्यांनाही पटले नव्हते. आणि इथे चरित्रकाराची थोडी पंचाईत होते. ज्या विटेमुळे त्यांचे नाव जगाला ठाऊक झाले ती त्यांची कल्पना नव्हे. हिलरी फिशर पेज या इंग्रज खेळणीकाराने ‘किडिक्राफ्ट’ या नावाने एकमेकींत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा आधीच काढल्या होत्या. त्यांचे नमुने यंत्राबरोबर बिलुंडला पोहोचले. त्यांत फेरफार करून १९४९ मध्ये लेगोने आपल्या विटा बाजारात आणल्या. पेज १९५७ मध्ये वारले. त्यांच्या विटांचे हक्क लेगोने रीतसर विकत घेतले ते १९८१ मध्ये. तिसरा हात देण्यासाठी पोराला रात्रभर जागवणाऱ्या माणसाच्या हातून हे कसे झाले, हे मला उलगडत नाही. त्या काळी खेळण्यांच्या धंद्यात असे सर्रास चाले, हे उत्तर खरे असेल, पण त्याने समाधान होत नाही.

शिवाय ती वीट फारशी चाललीही नाही. खालून पोकळ होती, त्यामुळे पकड ढिली. मनोरा जरा उंच झाला की कोसळे. १९५० च्या दशकात तिला हाती धरून राहिला तो गॉटफ्रेड. एकेक सुटे खेळणे विकण्यापेक्षा, ज्यातला प्रत्येक तुकडा दुसऱ्या प्रत्येक तुकड्याशी जुळेल अशी एकच रचना करावी, हा विचार त्याचा. १९५५ मध्ये ती रचना बाजारात आली. पकडीचा प्रश्न सुटायला आणखी तीन वर्षे गेली. विटेच्या पोकळीत उभ्या नळ्या घातल्या, की खालच्या विटेच्या गुंड्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये घट्ट बसतात. २८ जानेवारी १९५८ रोजी कोपनहेगनमध्ये पेटंटचा अर्ज दाखल झाला. ११ मार्च १९५८ रोजी ओले कर्क वारले. मध्ये अवघे सहा आठवडे. त्या वर्षीची वीट आणि आजची वीट एकमेकींत बसतात.

दोन वर्षांनी, १९६० मध्ये, लाकडी खेळण्यांचा विभाग जळला. ही तिसरी आग. त्यानंतर गॉटफ्रेडने लाकूडकाम कायमचे बंद केले. कार्ल गेओर्ग आणि गेरहार्ट हे भाऊ त्यानंतर कंपनीतून बाहेर पडले. सुताराच्या कारखान्यातले लाकूड संपले आणि घरही दुभंगले. वडिलांना हे पाहावे लागले नाही, एवढेच.

त्यांना दुसरेही काही पाहता आले नाही. १९६३ मध्ये गॉटफ्रेडने वास्तुशास्त्रज्ञ आणि अभियंत्यांसाठी ‘मॉड्युलेक्स’ नावाच्या वेगळ्या, बारीक विटा काढल्या. मोठ्या माणसांनी टेबलाशी बसून विटा जुळवाव्यात, हे कंपनीनेच तेव्हा मान्य केले होते म्हणायचे. २००८ मध्ये ताजमहालाचा संच निघाला. त्यात ५,९२२ तुकडे होते, आणि तो लहान मुलांसाठी नव्हताच. २०२० पासून तर कित्येक संचांच्या डब्यांवर अठरा वर्षांपुढच्यांसाठी असे चक्क छापलेले असते. बिलुंडमध्ये २०१७ मध्ये उघडलेल्या ‘लेगो हाऊस’च्या वरच्या मजल्यावर जगभरच्या हौशी प्रौढांनी रचलेल्या कलाकृती मांडतात. आठ गुंड्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा किती तऱ्हांनी जोडता येतील, याचा एका डॅनिश गणितज्ञाने हिशेब केला. उत्तर आले ९१,५१,०३,७६५. हा आकडा मी त्या सहकाऱ्यांना फोनवर कळवला. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विटा कुठे मिळतात ते विचारले.

हातात दोन विटा दाबल्या की एक बारीक टक् असा आवाज येतो. नकाशावर मी आयुष्यभर रेघा मारल्या. त्यातली एकही भिंत माझ्या हाताने उभी राहिली नव्हती. इथे सांधा मोडूनच थर रचावा लागतो, गवंडी रचतो तसा. नाहीतर भिंत मधूनच फाकते. दिंडी दरवाजाची कमान आठ वेळा जमली नाही. नवव्यांदा पायऱ्यापायऱ्यांनी आत घेत गेलो तेव्हा ती उभी राहिली. बायको आतून दोनदा जेवायला हाक मारून गेली होती.

गेल्या महिन्यात साताऱ्याहून थोरली अक्का आली. वय ब्याऐंशी. या वेळी मी दार लोटले नाही. ती खुर्ची ओढून वाड्यासमोर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने ओसरीतून वर जाणाऱ्या माझ्या जिन्यावर बोट ठेवले. जिना ओसरीतून नव्हताच, माजघरातून होता, कारण आई रात्री वरच्या खोलीत जाताना आम्हाला तिचा दिवा माजघरातूनच दिसायचा. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. ती पंधरा वर्षांची होती, तेव्हा वाद नव्हता. तिने नखाने वरची पायरी सुटी करायचा प्रयत्न केला. पकड घट्ट होती, तिला निघेना. मी काढून दिली.

ओसरीतला जिना आता पूर्ण उसवला आहे. माजघरात तो बसवायचा तर मागची भिंत पाडावीच लागेल, त्या हिरव्या-पिवळ्या विटांची. अक्का परवा पुन्हा यायची आहे. चौथ्या पायरीशी एक कोनाडा होता, असे तिने फोनवर कळवले आहे.