मितभाषी सिद्धपुरुष : शेगावचे श्री संत गजानन महाराज

उमरखेड ही श्री चिन्मयानंद स्वामींची भूमी. येहळेगावचे श्री तुकामाई हे त्यांचे शिष्य आणि श्री ब्रह्मचैतन्य महाराज गोंदवलेकर हे तुकामाईंचे शिष्य. या भूमीचे दर्शन घेऊन पुढे शेगावी जाणाऱ्या भाविकांसाठी श्री गजानन महाराजांचे अल्पचरित्र येथे सादर करीत आहोत.

माघ वद्य सप्तमी, दिनांक २३ फेब्रुवारी १८७८. शेगावी देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरील शिते एक तरुण वेचून खात होता. अंगात जीर्ण बंडी, मुद्रा मात्र तेजस्वी. बंकटलाल अग्रवाल व दामोदरपंत कुलकर्णी यांनी त्याला प्रथम पाहिले. विचारपूस केली, परंतु उत्तर मिळाले नाही. पुढे बत्तीस वर्षांत हजारो लोक चरणी आले, तरी महाराजांनी आपले गाव, कुळ वा गुरू यांविषयी काही सांगितले नाही. मुखी सदैव चालणाऱ्या 'गण गण' या नामोच्चारावरून लोकांनीच त्यांना गजानन हे नाव दिले. त्या उच्चाराचा अर्थ विद्वान आजही लावीत असतात. महाराजांनी तो कधी उलगडला नाही.

हे मौन अज्ञानाचे नव्हते. गोविंदबुवा टाकळीकरांचे कीर्तन चालू असता बुवांनी एका श्लोकाचा पूर्वार्ध म्हटला आणि दूर बसलेल्या महाराजांनी त्याचा उत्तरार्ध पूर्ण केला. बुवा थक्क झाले. मारुतीच्या मंदिरात पाटील घराण्यातील तरुणांनी महाराजांना उसांनी झोडपले, तेव्हा तर एक शब्दही न बोलता त्यांनी तेच ऊस हातांनी पिळून त्या मुलांना रस पाजला.

ब्रह्मगिरी गोसाव्याची कथा मात्र विशेष मननीय आहे. कृष्णाजी पाटलांच्या मळ्यात हा विद्वान आपल्या शिष्यांसह उतरला. आत्म्याला अग्नी जाळीत नाही, या गीतेतील श्लोकावर त्याने प्रवचन मांडले. पण श्रोते हळूहळू उठून महाराजांपाशी जाऊन बसले. गोसाव्याला राग आला. तेवढ्यात महाराज बसले होते त्या पलंगाने चिलमीच्या विस्तवामुळे पेट घेतला. महाराज जागचे हलले नाहीत. त्यांनी ब्रह्मगिरीलाच पलंगावर येऊन आपल्या श्लोकाचा प्रत्यय घेण्यास पाचारण केले. गोसाव्याचा ताठा तेथेच गळाला व तो शरण आला.

सन १९०८ मध्ये अकोल्यास शिवजयंती उत्सवात लोकमान्य टिळकांचे भाषण झाले. देशात ज्यांचा शब्द सर्वाधिक गाजत होता, त्या वक्त्याच्या व्यासपीठावर महाराज शांतपणे बसून होते. भाषणाच्या ओघात ते एकाएकी उठले व अशा बोलण्याने हाती बेड्या पडतील, एवढेच सांगून पुन्हा नामात रमले. जूनमध्ये लोकमान्यांना अटक झाली आणि 'केसरी'तील लेखांबद्दल जुलैमध्ये सहा वर्षांची शिक्षा. सुटकेसाठी साकडे घातले गेले, तेव्हा महाराजांनी भाकरीचा प्रसाद पाठविला व या कारावासातून मोठे कार्य घडेल, असे सुचविले. मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले गेले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले.

त्याच १९०८ साली शेगावी संस्थानाची स्थापना झाली. १९१० च्या आषाढात महाराज पंढरपूरला गेले, पांडुरंगाचा निरोप घेतला आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीस, शेगावी समाधिस्थ झाले. संतकवी दासगणू महाराजांनी १९३९ मध्ये एकवीस अध्यायांचा 'श्रीगजाननविजय' ग्रंथ रचला. वरील कथा त्यातच विस्ताराने आल्या आहेत.

शेगाव हे मुंबई–हावडा लोहमार्गावरील स्थानक आहे. मंदिरात वर श्रीरामाची मूर्ती व खाली भुयारात महाराजांची समाधी आहे. प्रकटदिन व ऋषिपंचमी या दोन्ही उत्सवांस दर्शनार्थींची मोठी गर्दी असते. शक्य झाल्यास हे दिवस टाळून जावे, म्हणजे भुयारात क्षणभर शांत उभे राहता येते.