चाळीस वर्षांचा पश्चात्ताप : जॉन न्यूटन

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. ज्यांच्यासाठी वाटमारी केली त्या घरच्या माणसांनीच पापाचा वाटा घ्यायला नकार दिला आणि वाल्याचे डोळे उघडले. ज्याचे पाप त्याच्याच माथी, हा विचार ख्रिस्ती शिकवणीतही तितकाच ठाम आहे. बापाच्या पापाचा भार मुलावर नाही आणि मुलाच्या पापाचा बापावर नाही, असे यहेज्केल संदेष्ट्याने फार पूर्वी बजावले होते. परंतु ज्या कृत्याला सारा समाज पाप मानतच नाही, उलट ज्याच्या जोरावर बंदरे भरभराटीला येतात, त्याची जबाबदारी कोणाची? या प्रश्नाचे उत्तर ज्याला आपल्या आयुष्याने द्यावे लागले, त्या जॉन न्यूटनची ही हकीकत. सफरचंदाच्या गोष्टीतला न्यूटन निराळा. हा न्यूटन गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता.

त्याचा जन्म १७२५ साली लंडनमध्ये झाला. आई अत्यंत धर्मनिष्ठ होती. तिने मुलाला लहान वयातच बायबल आणि स्तोत्रे शिकवली. पण तो सात वर्षांचा होण्यापूर्वीच ती क्षयाने वारली. बाप व्यापारी जहाजावरचा कप्तान. अकराव्या वर्षी पोरगा बापाबरोबर समुद्रावर गेला आणि हळूहळू आईची शिकवण विसरला. पुढे त्याला सक्तीने आरमारात भरती करण्यात आले. तिथून तो पळाला, पकडला गेला आणि सर्वांदेखत फटके खाऊन अधिकारपदावरून खाली आला. देवाधर्माची टवाळी करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्यानंतर तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका गुलाम-व्यापाऱ्याच्या पदरी राहिला. तेथे त्याचे अतोनात हाल झाले. तापाने फणफणलेला, उपाशी, अंगावर धड कपडा नाही, अशा अवस्थेत साखळदंडात जखडलेल्या गुलामांनी आपल्या तुटपुंज्या घासातला घास चोरून त्याला आणून दिला. ही गोष्ट त्यानेच पुढे लिहून ठेवली आहे. वाचकाने ती लक्षात ठेवावी.

१७४८ च्या मार्च महिन्यात इंग्लंडकडे परतताना त्याचे ‘ग्रेहाउंड’ जहाज अटलांटिक महासागरात भयंकर वादळात सापडले. जहाजाची बाजू फुटली, एक माणूस वाहून गेला. मेण आणि लाकूड असा हलका माल होता म्हणूनच ते तरले. तासन् तास पाणी उपसताना न्यूटनच्या तोंडून कित्येक वर्षांनी देवाच्या दयेची याचना निघाली. सुमारे चार आठवड्यांनी मोडके जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. वादळाचा तो दिवस तो जन्मभर आपल्या परिवर्तनाचा दिवस म्हणून पाळत असे.

एखादा बोधकथाकार येथेच थांबला असता. खरे आयुष्य मात्र एवढे सोयीचे नसते. पश्चात्ताप झालेला हा माणूस पुन्हा गुलामांच्याच जहाजावर गेला! १७५० ते १७५४ या काळात त्याने कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. शिव्याशाप सुटले, दारू सुटली. रविवारी तो खलाशांना जमवून उपासना घेई आणि खाली तळघरात माणसे बेड्यांत खितपत असत. १७५२ च्या डिसेंबरात बंडाचा संशय आला तेव्हा त्याने काही मुलांना बेड्या घातल्या व अंगठे दाबण्याचे यंत्र लावून त्यांच्याकडून कबुली काढली. जहाजाच्या नोंदवहीत त्याने हे सहजपणे टिपले आहे. स्वतःची पापे देवापुढे रोज कबूल करणाऱ्याला आपण नेमके काय करतो आहोत ते दिसत नव्हते. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तोही अचानक झटका आला म्हणून. सदसद्विवेकबुद्धीने हाक दिली म्हणून नव्हे.

काही वर्षे त्याने लिव्हरपूल बंदरात जकात खात्यात नोकरी केली. १७६४ साली तो ऑल्नी या गावी धर्मगुरू झाला. आज जगभर गायले जाणारे ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत त्याने तेथेच १७७३ च्या नववर्षदिनाच्या प्रवचनासाठी रचले. विल्यम कूपर या कवीबरोबर केलेला त्याचा गीतसंग्रह १७७९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण पतित होतो आणि केवळ कृपेने तरलो, हे तो मनापासून सांगे. मात्र त्या पापात गुलामांचा व्यापार आहे, हे तोवर त्याने उघडपणे सांगितले नव्हते.

नव्या करारात जक्कय नावाच्या जकातदाराची कथा आहे. येशू घरी आला तेव्हा तो नुसता रडला नाही; ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे त्याने सर्वांसमक्ष कबूल केले. पश्चात्ताप म्हणजे केवळ हळहळ नव्हे, तर मागे फिरणे होय, हा त्या कथेचा अर्थ. न्यूटनला तिथवर पोहोचायला चाळीस वर्षे लागली. १७८५ मध्ये तरुण खासदार विल्बरफोर्स मनाच्या घालमेलीत त्याच्याकडे आला. न्यूटनने त्याला राजकारणातच राहून सेवा करण्याचा सल्ला दिला. पुढे १७८८ मध्ये न्यूटनने गुलामांच्या व्यापारावर पुस्तिका लिहिली. तीत त्याने स्वतःला वगळले नाही. चाल तशी होती, कायदा आड येत नव्हता, ही सबब पुढे न करता आपण स्वतः या पातकात सहभागी होतो आणि ही कबुली फार उशिरा येत आहे, हे त्याने मान्य केले. संसदीय समितीपुढेही त्याने डोळ्यांनी पाहिलेले सांगितले. १८०७ च्या मार्चमध्ये ब्रिटिश संसदेने हा व्यापार बंद केला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला, दृष्टी जवळजवळ गेलेल्या अवस्थेत, न्यूटन वारला.

देवाने त्याला क्षमा केली, अशी त्याची श्रद्धा होती. पण भुकेल्या न्यूटनला घास देणाऱ्या त्या माणसांची क्षमा मागण्याची सोय कुठे उरली होती? त्यांची नावेसुद्धा कोणी लिहून ठेवली नाहीत.

हुंडा घेताना आपणही रीतच आहे म्हणतो. नक्कल करताना सगळेच करतात म्हणतो. न्यूटनच्या काळी लिव्हरपूलचे प्रतिष्ठित व्यापारीही असेच म्हणत असतील. तेव्हा न्यूटनला दोष देण्यापूर्वी, आपल्याला अजून न दिसलेले आपले पाप कोणते, एवढे तरी आपण स्वतःला विचारावे. आणि ते दिसल्यावर चाळीस वर्षे थांबू नये.