दर्डांच्या आधीचं 'लोकमत' : बापूजी अणेंनी यवतमाळमध्ये सुरू केलेलं साप्ताहिक

'लोकमत' म्हटलं की डोळ्यासमोर येतं दर्डा कुटुंब आणि नागपूर. पण हे नाव त्याच्या कितीतरी आधी यवतमाळमध्ये एका साप्ताहिकावर छापलं जायचं. ते साप्ताहिक बंद पडलं. त्याचे मालकही पुढे राजकारणातले मोठे नेते म्हणून लक्षात राहिले, पेपरवाले म्हणून नाही.

त्यांचं नाव माधव श्रीहरी अणे, म्हणजेच लोकनायक बापूजी अणे.

२९ ऑगस्ट १८८० ला यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीमध्ये त्यांचा जन्म झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजमध्ये शिक्षण झालं. मग अमरावतीत काही वर्षं शाळामास्तरकी केली, कायद्याची पदवी घेतली आणि यवतमाळला येऊन वकिली सुरू केली.

तो काळ होता १९०८ चा. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. याची झळ यवतमाळपर्यंत पोहोचली होती. तिथे 'हरिकिशोर' नावाचं जहाल मतांचं साप्ताहिक निघायचं. त्याचे संपादक पृथ्वीगीर गोसावी यांच्यावरही राजद्रोहाचा खटला भरला गेला. आडगावातला छोटा पेपर आहे म्हणून सरकारने डोळेझाक केली नव्हती.

उलट कायदे आणखी कडक झाले. १९१० च्या प्रेस कायद्याने नवीन छापखाना काढणाऱ्याकडून ५०० ते २००० रुपये अनामत घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मजकूर आक्षेपार्ह वाटला तर ही रक्कम जप्त व्हायची. त्यानंतर पुन्हा छपाई सुरू करायची तर अनामत आणखी मोठी, आणि पुन्हा तसंच झालं तर छापखानाच सरकारजमा. काहीशे वर्गणीदारांवर चालणाऱ्या साप्ताहिकाला एक लेखही महागात पडू शकत होता.

अशा दिवसांत बापूजींनी पेपर काढायचं ठरवलं.

टिळक १९१४ मध्ये मंडालेहून सुटले होते. १९१६ मध्ये त्यांनी होमरूल लीग स्थापन केली आणि वऱ्हाडात तिचं काम जोरात सुरू झालं. बापूजी टिळकांच्या विश्वासातले. सभा होत होत्या, पण सभा संपली की माणसं घरी जायची. पुढच्या सभेपर्यंत विषय जिवंत ठेवायला छापील कागद लागत होता. १९१८ च्या सुमारास यवतमाळहून साप्ताहिक सुरू झालं. त्याचं 'लोकमत' हे नाव टिळकांनीच सुचवलं, असं सांगितलं जातं.

पण त्या काळातल्या साप्ताहिकांचं एक दुखणं होतं. संपादक, मालक, अग्रलेख लिहिणारा आणि पैसे गोळा करणारा बहुतेक वेळा एकच माणूस असायचा. त्याच्या मागे ना कंपनी असायची, ना भांडवल. तो माणूस दुसऱ्या कामात गुंतला की पेपरही अडचणीत यायचा.

आणि बापूजी तर सगळीकडेच होते. १९२० मध्ये टिळक गेले. १९२४ मध्ये बापूजी वऱ्हाडातून दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळावर गेले. १९२८ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या, घटनेचा आराखडा करणाऱ्या समितीत ते सदस्य होते. त्याच वर्षी ग्वाल्हेरला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

१९३० मध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. पण विदर्भाला समुद्रच नाही. मग मीठ कुठलं काढणार? इथल्या शेतकऱ्यांना छळत होते ते जंगलाचे कायदे. म्हणून १० जुलै १९३० ला पुसदजवळ बापूजींनी राखीव जंगलातलं गवत विनापरवाना कापलं आणि अटक करून घेतली. हाच तो विदर्भातला गाजलेला जंगल सत्याग्रह. त्याच वर्षी सरकारने वटहुकूम काढून वृत्तपत्रांवर पुन्हा अनामतीचा फास आवळला होता.

पुढे १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले. जातीय निवाड्यावरून काँग्रेसशी मतभेद झाले तेव्हा १९३४ मध्ये मदनमोहन मालवीयांसोबत वेगळा पक्ष काढला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यानंतर सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी, १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल.

या सगळ्या धावपळीत यवतमाळचं 'लोकमत' मागे पडलं. स्वातंत्र्य आलं तेव्हा ते बंद झालेलं होतं.

पण नाव संपलं नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला यवतमाळचेच स्वातंत्र्यसैनिक जवाहरलाल दर्डा यांना साप्ताहिक काढायचं होतं. त्यांनी बापूजींच्या संमतीने 'लोकमत' हे नाव घेतलं, असं सांगतात. याच साप्ताहिकाचं पुढे दैनिक झालं. १५ डिसेंबर १९७१ ला नागपूरहून दैनिक 'लोकमत' सुरू झालं आणि नंतर महाराष्ट्रभर पसरलं.

बापूजींना मात्र हे बघायला मिळालं नाही. १९६२ मध्ये वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर ते नागपूरमधून लोकसभेवर निवडून गेले होते. २६ जानेवारी १९६८ ला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळालं. टिळकांवर त्यांनी संस्कृतमध्ये हजारो श्लोकांचं महाकाव्य लिहिलं होतं, 'श्रीतिलकयशोऽर्णवः'. त्याला १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

'हरिकिशोर' हे नाव आज अभ्यासकांपुरतं उरलंय. त्या पिढीतली गावोगावची कित्येक साप्ताहिकं अशीच नावासकट पुसली गेली. बापूजींचं साप्ताहिकही त्याच वाटेने गेलं असतं. त्यांच्याच गावातल्या पुढच्या पिढीने ते नाव मागून घेतलं, म्हणून यवतमाळमध्ये पहिल्यांदा छापलेला तो शब्द आजही रोज सकाळी दारात येऊन पडतो.