खानदेशचे गुरुजी

पुढारीपण म्हणजे उंच आसन व मोठा आवाज, असा सर्वसामान्य समज आहे. परंतु खानदेशांतील विद्यार्थी, शेतकरी व गिरणीकामगार ज्यांच्यामागें विश्वासानें चालले, त्या पांडुरंग सदाशिव साने यांना यांपैकीं कशाचाही सोस नव्हता.

त्यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजीं कोंकणांतील पालगड गांवीं झाला. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठीं ते अमळनेरास आले व 1924 सालीं तेथील प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले. छात्रालयाचा भारही त्यांच्यावर आला. मुलांचें अस्ताव्यस्त सामान ते न बोलतां स्वतः आवरून ठेवीत. मुलें लाजत व सुधारत. जें सांगावयाचें तें ते छात्रालयाच्या हस्तलिखित दैनिकांत स्वहस्तें, सोप्या शब्दांत लिहीत. आधीं करावें, मग थोडकें व स्पष्ट सांगावें, हा त्यांचा परिपाठ होता.

हें काम त्यांना प्राणाहून प्रिय होतें. तथापि 1930 सालीं देशाची हांक येतांच त्यांनीं तें सोडलें व कारागृह पत्करलें. वाईट सोडणें सोपें. चांगलें सोडून अधिक निकडीचें हातीं घेणें कठीण.

1932 सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा भावे दर रविवारीं गीतेवर बोलत. 21 फेब्रुवारी ते 19 जूनपर्यंत अठरा प्रवचनें झालीं. गुरुजी स्वतः नामांकित वक्ते. परंतु तेथें ते श्रोत्यांत बसून एकेक शब्द टिपून घेत. त्यांच्या त्या लेखणीमुळेंच तीं प्रवचनें पुढें घरोघरीं पोंचलीं. जो दुसऱ्याचें मन लावून ऐकतो, त्याचेंच बोलणें लोकांच्या अंतःकरणास भिडतें. 1933 सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकानें हें सिद्ध केलें. 1936 च्या डिसेंबरांत फैजपुरास भरलेल्या, खेड्यांतील पहिल्या काँग्रेस अधिवेशनासाठींही ते गांवोगांव राबले.

पंढरपूरचें विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानिलेल्या बांधवांस खुलें व्हावें, म्हणून ते महाराष्ट्रभर हिंडले, आणि 1 मे 1947 रोजीं त्यांनीं उपवास आरंभिला. महात्माजींनाही तो प्रथम पसंत नव्हता. ज्यांना गुरुस्थानीं मानावें त्यांचाच विरोध, याहून बिकट कसोटी कोणती? परंतु मागणी एकच होती व ती लहान मुलासही समजण्याजोगी होती. 10 मे रोजीं आश्वासन मिळून उपवास सुटला. पुढें मंदिराचीं दारें उघडलीं.

15 ऑगस्ट 1948 रोजीं त्यांनीं ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलें. 11 जून 1950 रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें.

प्रिय वाचकहो, घर असो, शाळा असो वा मंडळ, प्रमुखपण आपणांपैकीं अनेकांच्या वाट्यास येतें. तेव्हां तीन गोष्टी स्वतःस विचाराव्या: प्रथम काय करावयाचें हें मीं ठरविलें आहे काय? तें सर्वांस कळेल असें सांगितलें आहे काय? आणि झाडू आधीं मीं हातीं घेतला आहे काय?