देवरुखची गोदूबाई, मुरुडची सून

दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे मुरुड हे गाव महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव म्हणून सर्वदूर परिचित आहे. गावात त्यांचे स्मारकही आहे. मात्र याच गावाने १८९३ साली आपल्या या सुपुत्राला आणि त्याच्या नवपरिणीत पत्नीला वाळीत टाकले होते. ती पत्नी म्हणजे आनंदीबाई तथा बाया कर्वे. महर्षींच्या कीर्तीच्या सावलीत राहिलेल्या या स्त्रीचा कुलवृत्तांत पाहिला, तर महाराष्ट्रातील स्त्रीसुधारणेचा एक मोठा धागा तिच्या माहेर-सासरच्या नात्यांतून गेलेला दिसतो.

बायांचे माहेर देवरुखच्या जोशींचे. माहेरचे नाव गोदूबाई. लहानपणीच लग्न झाले आणि लगोलग वैधव्यही आले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे उरलेले आयुष्य कामाच्या रगाड्यात जायचे. परंतु थोरले बंधू नरहरपंत यांनी बहिणीला मुंबईस आणले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाईच होती. सदन पुण्यास हलले तशी तीही पुण्यास आली.

कर्वे हे नरहरपंतांचे स्नेही. १८९१ मध्ये त्यांची प्रथम पत्नी राधाबाई निवर्तली. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. जोशी कुटुंबाच्या संमतीने ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला आणि गोदूबाईची आनंदीबाई झाली. विधवाविवाहाला १८५६ सालीच कायद्याने मान्यता मिळाली होती. समाजाची मान्यता मात्र कोसभर दूर होती.

नवे जोडपे मुरुडला गेले तेव्हा याचा प्रत्यय आला. गावाने सभा भरवून निर्बंध घातले. कर्व्यांसोबत एका बैठकीवर बसायचे नाही, ते असतील त्या सभेस जायचे नाही आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतल्यास त्यांच्यावरही बहिष्कार. विवाह दोघांचा होता. शिक्षा मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनाही होती.

पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला व १९०० साली तो पुण्याजवळ हिंगण्यास नेला. सनातनी पालकांनी मुली पाठवाव्यात म्हणून पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमापासून कटाक्षाने अलग ठेवण्यात आला. त्यामुळे ज्या विवाहाने कर्व्यांचे कार्य नावारूपास आले, तो करणाऱ्या बायांनाच आश्रमाच्या उंबरठ्यावर अवघडून उभे राहावे लागले. पती आपली पुंजी संस्थेला देत असताना प्रपंचाची ओढाताण त्यांनीच निभावली. 'माझे पुराण' या आत्मचरित्रात त्यांनी हे दिवस लिहून ठेवले आहेत.

आश्रमात मानाने वावरली ती त्यांची धाकटी बहीण, पार्वतीबाई आठवले. त्याही विधवा होत्या. परंतु पुनर्विवाह न करता त्यांनी संस्थेला वाहून घेतले. इंग्रजीचे ज्ञान बेताचेच असूनही त्या १९१८ मध्ये अमेरिकेस गेल्या. एकाच घरातील दोघी बहिणींनी वैधव्याला दिलेली ही दोन भिन्न उत्तरे होत.

पुढच्या पिढीने हा वारसा आणखी विस्तारला. राधाबाईंचे पुत्र रघुनाथ यांनी संततिनियमनाचा प्रचार करून समाजाचा रोष पत्करला. बायांच्या तीन मुलांपैकी शंकर हे केनियात डॉक्टर झाले, दिनकर हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, तर भास्कर हिंगण्याच्या संस्थेत रमले. दिनकर यांची पत्नी म्हणजे 'युगान्त'च्या लेखिका इरावती कर्वे आणि त्यांची कन्या लेखिका गौरी देशपांडे.

बायांचे १९५० मध्ये निधन झाले. महर्षींना १९५८ साली 'भारतरत्न' लाभले, तो सोहळा पाहण्यास त्या नव्हत्या. मुरुडच्या स्मारकापुढे थांबणाऱ्या पर्यटकाने या सुनेचीही आठवण ठेवावी. बहिष्काराचा पहिला घाव तिनेही तितकाच सोसला होता.