विज्ञान चार भिंतींबाहेर नेणारे डॉ. भाऊ दाजी
गोव्यातील मांद्रे गावच्या गरीब घरातले रामकृष्ण विठ्ठल लाड मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकले, तिथेच शिकवू लागले आणि १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले. तेच डॉ. भाऊ दाजी लाड.

स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या. कॉलेजचे विद्यार्थी बिनपगारी शिकवत. व्यापारी नाना शंकरशेट यांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली. त्या काळी हे सोपे नव्हते. भाऊ पुढे या सोसायटीचे अध्यक्ष झाले. भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय उभारण्यातही दोघे पुढे होते. लोकवर्गणीची जोड मिळालेले हे संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले. अक्षरओळख नसलेल्यालाही तिथे नुसते पाहून शिकता येई.

बंधू नारायण यांच्यासह ते गरिबांना मोफत तपासत. कुष्ठरोगावर त्यांनी कडू कवठाच्या तेलाचे प्रयोग केले, पण खात्री होईपर्यंत औषध गुप्त ठेवले. त्यावर टीका झाली. डॉक्टरची सावधगिरी समजते. तरी ज्ञान वाटत फिरणाऱ्या माणसाने इथे मूठ झाकावी, हे खटकतेच. ३१ मे १८७४ रोजी ते वारले. त्याच कुळातल्या झाडांचे तेल पुढे डॅप्सोन येईपर्यंत जगभर कुष्ठरोग्यांना दिले जात होते.