मैदानावरचा मास्तर : मायकेल क्यूसॅक

मायकेल क्यूसॅक मला प्रथम भेटला तो एका गुत्त्यात. वाचकांनी दचकू नये. हा गुत्ता कादंबरीतला आहे. इंग्रजीच्या तासाला सरांनी जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' या १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील एक प्रकरण समजावून दिले. १६ जून १९०४ या दिवशी डब्लिनमधल्या एका गुत्त्यात काही माणसे जमली आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या दांडग्या इसमाला सारे 'नागरिक' म्हणतात. गप्पा चालल्या आहेत त्या देशी खेळांच्या, इंग्रज सरकारच्या आणि खरा आयरिश कोण याच्या. ब्लूम नावाचा ज्यू गृहस्थ मध्येच लॉन टेनिसविषयी चार बरे शब्द बोलतो. पुढे वाद वाढत जातो आणि अखेर हा 'नागरिक' बिस्किटांचा डबा ब्लूमच्या दिशेने भिरकावतो.

हे पात्र जॉइसने एका खऱ्या माणसावरून बेतले, एवढेच सर जाता जाता बोलले आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले. माझ्या डोक्यातून मात्र तो डबा जाईना. त्याला कारण आहे. मी कबड्डी खेळतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या स्पर्धेत दोन पक्षांनी दोन ढाली लावल्या, एकाच मैदानाच्या दोन टोकांना दोन मंडप पडले, आणि कुणी कोणत्या मंडपात नाव नोंदवले यावरून शेजाऱ्याने शेजाऱ्याशी बोलणे टाकले. लहानपणापासून माझ्या हातात हात घालून साखळी धरणारा मित्र त्या वर्षी समोरच्या मंडपात होता. म्हणून गुत्त्यातल्या त्या गप्पा मला परक्या वाटल्या नाहीत, आणि या क्यूसॅकविषयी मिळेल ते मी वाचत गेलो.

त्याचा जन्म २० सप्टेंबर १८४७ चा, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लेअर परगण्यातला. बरन नावाच्या चुनखडीच्या उघड्याबोडक्या पठारालगत कॅरन हे त्याचे गाव. १८४७ हे साल आयरिश माणूस अजून विसरलेला नाही. बटाट्याचे पीक कुजून गेलेले, दहा लाखांच्या आसपास माणसे त्या दुष्काळात मेली आणि त्याहून अधिक बोटी धरून परागंदा झाली. मायकेलचा बाप दुसऱ्याची गुरे राखणारा. घरची भाषा आयरिश. इंग्रजी शाळेत शिकायची. दुष्काळाने माणसांबरोबर ही भाषा आणि रानातले खेळही मरणपंथाला लावले होते, हे त्याच्या पुढच्या आयुष्याचे मूळ आहे असे मला वाटते.

गुराख्याचा हा पोरगा मास्तर झाला. खेड्यातल्या शाळेपासून सुरुवात करून तो न्यूरीच्या कॉलेजात गेला. तिथे असताना मार्गारेट वुड्स हिची ओळख झाली आणि १८७६ साली त्यांचे लग्न झाले. पुढे ब्लॅकरॉक आणि क्लाँगोज या नामांकित संस्थांत शिकवून १८७७ साली त्याने डब्लिनला स्वतःची अ‍ॅकॅडमी काढली. आजच्या भाषेत सांगायचे तर स्पर्धा परीक्षांचा क्लास! इथून शिकलेली मुले सरकारी नोकरीत, पोलिसात, लष्करात जात. म्हणजे ज्या साम्राज्याविरुद्ध पुढे त्याची लेखणी चालली त्याच साम्राज्याला तो कारकून आणि अंमलदार पुरवीत होता. त्यात त्याला काही विसंगत वाटत नसावे. पोटापाण्याच्या गोष्टी अशाच असतात.

आणि खेळ? गोळाफेकीत तो अव्वल होता. त्याच्या अ‍ॅकॅडमीचा रग्बीचा संघ होता आणि तो स्वतः त्यात उतरत असे. क्रिकेटही त्याला प्रिय. १८८२ सालीसुद्धा मुलांनी क्रिकेट खेळावे अशी शिफारस त्याने छापून केलेली आहे. म्हणजे परदेशी खेळांचा हाडवैरी म्हणून जो क्यूसॅक कादंबरीत रंगला, त्याचे हात गोऱ्या साहेबाच्या बॅटने चांगलेच ओळखीचे होते.

मग तो फिरला कशाने? त्याचे उत्तर मैदानाच्या फाटकावर सापडते. त्या काळी आयर्लंडमधल्या शर्यती आणि मैदानी स्पर्धा वरच्या वर्गाच्या हातात गेल्या होत्या. हौशी खेळाडू म्हणजे सभ्य गृहस्थ, अशी व्याख्या. साहजिकच मजूर आणि कारागीर बाहेर. स्पर्धा शनिवारी, आणि कष्टकऱ्याला सुटी रविवारची. खेड्यातला उत्तम उडी मारणारा पोरगा कुंपणाबाहेर उभा राहून बघणार. मला क्यूसॅकचा राग इथे पूर्ण पटतो. राष्ट्राचा प्रश्न त्याच्या मनात नंतर मोठा झाला. आधी होता तो या फाटकाचा.

रानातल्या खेळांत त्याचा जीव हर्लिंगवर. ॲश झाडाच्या लवचीक लाकडाची, टोकाला रुंद आणि वळलेली काठी. तिने लहानसा चेंडू जमिनीवरून किंवा हवेतल्या हवेत फटकावायचा. पाहणाऱ्याला हॉकीची आठवण व्हावी, पण चेंडू डोक्यावरून गोळीसारखा जातो. गावागावाचा नियम वेगळा होता. क्यूसॅकने १८८३ मध्ये डब्लिनच्या फिनिक्स पार्कात मुले जमवून हा खेळ पुन्हा सुरू केला आणि १८८४ च्या ईस्टरला आपला संघ घेऊन तो गॉलवे परगण्यात बॅलिनास्लोला किलिमोर गावच्या संघाशी सामना खेळायला गेला. नियमांचा मेळ बसेना, खेळ धसमुसळा झाला आणि सामना अर्ध्यावर मोडला. आपल्याकडेही रेडरचा दम गेला की नाही यावरून गावे भांडली आहेत, त्यामुळे हे दृश्य मला डोळ्यांसमोर दिसते. सर्वांसाठी एकच नियमावली हवी, हे त्या मोडलेल्या सामन्याने त्याला पटवले.

११ ऑक्टोबर १८८४ रोजी आयरिश खेळांवरचा त्याचा लेख प्रसिद्ध झाला. आठवड्याभरात मॉरिस डॅव्हिन या नावाजलेल्या खेळाडूने त्याला छापील पाठिंबा दिला. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी परगण्यातील थर्लस गावी हेजच्या हॉटेलातील बिलियर्डच्या खोलीत बैठक भरली आणि गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली. हजर असलेल्यांची सात नावे नेहमी सांगितली जातात. त्यांत डॅव्हिन अध्यक्ष झाला, क्यूसॅक एक चिटणीस. सातांत ब्रॅकन नावाचा गुप्त क्रांतिकारी संघटनेचा माणूस होता आणि टॉमस मॅकार्थी हा चक्क पोलीस अधिकारी! मॅकार्थी हा क्यूसॅकच्याच हाताखालून शिकून गेलेला आणि आयर्लंडकडून रग्बी खेळलेला. हे नाव कृपया लक्षात ठेवावे.

आश्रयदाते म्हणून कॅशेलचे आर्चबिशप क्रोक, पुढारी पार्नेल आणि शेतकऱ्यांचा कैवारी मायकेल डॅव्हिट यांनी नावे दिली. (हाच डॅव्हिट आपल्या दादाभाई नौरोजींना आयर्लंडच्या एखाद्या मतदारसंघातून पार्लमेंटात पाठवावे म्हणून पार्नेलकडे शब्द टाकणारा.) वरच्या वर्गानेही लगेच प्रतिस्पर्धी संस्था काढली. जून १८८५ मध्ये ट्रली गावी दोन्ही संस्थांच्या स्पर्धा एकाच दिवशी लागल्या. एकीकडे हजारोंची गर्दी, दुसरीकडे मोजकी मंडळी. प्रेक्षकांनी आपले मत पायांनी दिले होते. त्यानंतर संस्था गावोगाव इतक्या वेगाने पसरली की ती आवरणे क्यूसॅकच्या आवाक्यात राहिले नाही.

इथे त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. दुसऱ्यांच्या नियमांखाली खेळणाऱ्याला आपल्या स्पर्धांत उतरू द्यायचे नाही, ही १८८५ ची बंदी त्याच्या कारकिर्दीतलीच. कुंपणाबाहेर ठेवलेल्यांसाठी ज्याने फाटक उघडले त्यानेच दुसरे फाटक बसवायला हातभार लावला. त्याची लेखणी तर शत्रू आणि मित्र यांत फरक करीत नसे. वृत्तपत्रांशी तो भांडला, आर्चबिशप क्रोक यांनाही त्याने उद्धट उत्तर पाठवले. पत्रे पडून राहिली, हिशेब लागेना. जुलै १८८६ मध्ये थर्लसलाच सभा होऊन त्याला चिटणीसपदावरून काढण्यात आले. संस्था काढून दोन वर्षेही झाली नव्हती!

१८८७ मध्ये त्याने 'केल्टिक टाइम्स' नावाचे साप्ताहिक काढले. ते वर्षभर चालले. त्याच्या पश्चात संस्थेत क्रांतिकारक आणि पाद्री यांची ओढाताण सुरू झाली. पुढे पार्नेलच्या खासगी प्रकरणावरून आयरिश राजकारण दुभंगले तेव्हा एका गावच्या क्लबातली माणसेदेखील दुभंगली आणि संस्था जवळजवळ कोसळली. क्यूसॅकचे घरही त्याच सुमारास कोसळले. १८९० साली मार्गारेट क्षयाने गेली, एक मुलगीही गेली, उरलेली मुले पांगली. अ‍ॅकॅडमी बसली. शिकवण्या आणि वृत्तपत्रांतले लिखाण यांवर तो दिवस काढू लागला. गुडघ्यापर्यंतची विजार, हातात जाड काठी, समोर येणाऱ्याला नागरिक म्हणून हाक, असे त्याचे उत्तरायुष्यातले चित्र. जॉइसने उचलले ते हेच. नोव्हेंबर १९०६ मध्ये डब्लिनमध्ये तो वारला, वय एकोणसाठ. ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत त्याला पुरले.

माणूस गेला, पण गुत्त्यातला वाद चालूच राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशी खेळांवरची बंदी पक्की झाली: जो रग्बी, फुटबॉल, हॉकी, क्रिकेट खेळेल त्याला गेलिक खेळ बंद. १९३८ साली राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड फुटबॉलचा सामना पाहायला गेले म्हणून त्यांचे आश्रयदातेपद काढून घेण्यात आले! हसण्याआधी दुसरी बाजूही पाहावी. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर गेलिक फुटबॉलचा सामना चालू असताना इंग्रज सरकारच्या सशस्त्र दलांनी मैदानात गोळीबार केला. त्यात चौदा माणसे गेली. मायकेल होगन हा टिपरेरीचा खेळाडू त्यांतलाच. त्याच्या नावाचा प्रेक्षकमंच तिथे आहे. ज्याच्या आजोबाने तो गोळीबार पाहिला त्याला खेळात राजकारण आणू नका असे सांगणे सोपे नाही. मला तरी ते सांगवणार नाही.

खेळाडूंवरची बंदी १९७१ मध्ये उठली. पोलिसांना १८८७ मध्येच दार बंद झाले होते. ते मधल्या काळात कधी किलकिले झाले, कधी पुन्हा लागले आणि उत्तर आयर्लंडच्या संदर्भात ते उघडायला २००१ साल उजाडले. २४ फेब्रुवारी २००७ रोजी क्रोक पार्कवर आयर्लंड आणि इंग्लंड यांचा रग्बीचा सामना झाला. सुरुवातीला इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजले, आणि ८२ हजारांच्या आसपास माणसे बसणाऱ्या त्या मैदानाने ते शांतपणे ऐकून घेतले. आयर्लंडने तो सामना ४३–१३ असा जिंकला. मैदानाच्या एका बाजूला आहे क्यूसॅकच्या नावाचा प्रेक्षकमंच. तरुणपणी रग्बी खेळलेल्या त्या मास्तरला त्या दिवशी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या असत्या की डबा फेकावासा, याचा मी पुष्कळ विचार केला. टाळ्या वाजवून मग तो कुणाशी तरी भांडला असता, असे माझे मत आहे.

राहिला टॉमस मॅकार्थी. स्वतः स्थापन केलेल्या संस्थेत पोलीस म्हणून त्याला जागा उरली नाही. तो १९४३ साली वारला. डब्लिनजवळच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर नावसुद्धा नव्हते. २००९ साली तिथे त्याच्या नावाचा दगड बसवण्यात आला.